चांगल्यातला च

मराठीत च दोन आहेत. लिहायला एक, बोलायला दोन. चांगला, चूल, चमचा, पाच यांतला एक. चिमणी, चहा, चंद्र यांतला दुसरा. पहिल्याला जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते, दुसऱ्याला मागे टाळूला चिकटते. तिकडे महाराष्ट्रातल्या माणसाला हे कोणी शिकवत नाही, त्याला ते आपोआप येतं. आम्हाला झाशीत शिकवावं लागतं. हिंदीत च एकच, चिमणीतला, आणि आमची मुलं शाळेत, गल्लीत, बाजारात दिवसभर तोच बोलतात. मग घरी येऊन 'चांगला' म्हणतात तेही चिमणीतल्या चनं. ते ऐकलं की भातात खडा लागल्यासारखं होतं मला.

मी चौथीपर्यंत शिकले, तीही हिंदी शाळेत. च मला वडिलांनी शिकवला. ते पूजा सांगायला जायचे आणि घरी असले की आम्हा भावंडांना समोर बसवून शब्द म्हणून घ्यायचे. चुकला की म्हणायचे, "जीभ कुठे ठेवलीस? दातांच्या मुळाशी ठेव. ती जागा आपली आहे." आमचे लोक इथे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आले, कोणी कारकुनीला, कोणी देवळाच्या पूजेला, कोणी तलवार घेऊन. तलवारी गेल्या, कारकुनी राहिली. माझे यजमान कारकून होते, मुलगाही छावणीतल्या एका दफ्तरात कारकूनच आहे. वाडे, जमिनी, मान यांतलं मला काही मिळालं नाही. दोन च मिळाले. ते मी जपले.

मुलाला मात्र ते आले नाहीत. त्याला मराठी समजते सगळी, उत्तर हिंदीत देतो, आणि ळ म्हणायची वेळ आली की ल म्हणून मोकळा होतो. सून झाशी जिल्ह्यातल्याच गरौठ्याची, घरची शेती, बोली बुंदेली. कामाला वाघीण आहे. तिच्याकडून मराठीची अपेक्षा मी कधी ठेवली नाही.

म्हणून नात बोलायला लागली आणि तिनं 'चांगला' म्हटलं तेव्हा मी हातातलं काम टाकून वळले. च बरोबर होता. दातांपाशी झालेला, स्वच्छ, चांगल्यातला च. मी म्हटलं, पुन्हा म्हण. तिनं पुन्हा म्हटलं. चमचा म्हण. म्हटलं. चूल, पाच, चटका, सगळे बरोबर. बापाला जे आलं नाही ते या एवढ्याशा पोरीला आलं होतं, आणि शिकवलं कोणी, तर मी. मी हे सगळ्यांना सांगितलं. हळदीकुंकवाला तिला मांडीवर घेऊन बसायची आणि बायकांपुढे म्हणून दाखवायला लावायची.

माझी एक चुलत जाऊ आहे, माझ्याहून लहान. तिच्या नाती पुण्यात वाढतायत आणि इंग्रजीत उत्तरं देतात. तिच्यापुढे तर मी मुद्दाम म्हणवून घेत असे. जाऊ म्हणायची, "जाऊबाई, पोर चारच शब्द बोलते, आणि चारीत तोच च."

मी म्हणायची, "चार तरी बोलते. तुझ्या पुण्यात किती बोलतात?"

पोरगी हिंदीतही तसाच च काढायची. चाय म्हणताना त्साय म्हणायची, चाचाला त्सात्सा म्हणायची. त्याचंही मला कौतुक. मी म्हणे, बघा, मराठी एवढी मुरली आहे की हिचं हिंदीसुद्धा मराठी वळणानं जातं.

आता अंगठ्याचं सांगते. ही पोर सात वर्षांची होईपर्यंत अंगठा चोखत होती. आम्ही कडुनिंबाचा पाला वाटून लावला, सुनेनं मिरची चोळली. ती नळाखाली हात धुवायची आणि परत अंगठा तोंडात. मी फारसं मनावर घेतलं नाही. मुलं चोखतातच. पुढे शाळेत हसायला लागले तशी तिनं आपणच सोडला. आम्हाला वाटलं, संपलं.

एक दिवस सून भाकरी भाजत होती, नात शेजारी बसून खात होती. सून म्हणाली, "अम्मा, ई मौड़ी के आगे के दाँत मिलत नइयाँ." या पोरीचे पुढचे दात एकमेकांना लागत नाहीत, असं.

मी म्हटलं, "नवे दात आहेत, अजून उतरतायत. मिळतील."

"उतर आए, अम्मा. देखो तो. बोलबे में भी जीभ बाहर आत है."

तेव्हा मी तिला म्हणाले, "तुला मराठी येत नाही, म्हणून तुला तसं वाटतं. तो आमचा च आहे."

सुनेनं नुसती भाकरी उलटली. ती गप्प बसते तेव्हा तिला पटलेलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

मग शाळेतून निरोप आला. मुलाला कामावर जायचं होतं, सुनेला बाईंशी बोलायचा संकोच, म्हणून मी गेले. बाई तरुण होत्या, अदबीनं वागल्या. म्हणाल्या, "अम्माजी, लड़की होशियार है, लिखती सब सही है. पर बोलना बंद कर दिया है. पहाड़ा पूछो तो खड़ी रहती है, मुँह नहीं खोलती." मुलं तिला 'त्सात्सी' म्हणून चिडवत होती, हे मला तिथे कळलं. ही कोणाच्या तरी चाचीबद्दल काही सांगायला गेली होती आणि तेव्हापासून तेच नाव पडलं होतं.

मी बाईंना समजावून सांगितलं की हा दोष नाही, ही मराठी आहे, आमच्याकडे च दोन असतात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अच्छा. पर अम्माजी, स भी तो ठीक नहीं आता इसका. सात को थात जैसा बोलती है. मराठी में सात को क्या कहते हैं?"

मराठीत सातला सातच म्हणतात. मी उठून आले.

घरी येऊन मी सगळ्यांवर तडकले, बाईंवर, शाळेवर, त्या मुलांवर. पोरगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. मी तिला म्हटलं, "तू बोल. घाबरायचं नाही. तुझाच च खरा आहे." तिनं मान हलवली. पण त्या दिवसापासून ती घरीसुद्धा कमी बोलायला लागली. काही हवं असलं तर बोट दाखवायची. पाणी हवं, माठाकडे बोट. आधी मी मांडीवर घेऊन बोलतं करायची, तेव्हा तोंडाचा पट्टा थांबत नसे. आता विचारलं तरी हो आणि नाही, आणि तेही मानेनं. मुलगा म्हणाला, "ठीक हो जाएगी, शर्माती है." मला ते लाजणं वाटेना. ही पोर बोलणं सोडून देणार आणि ते सोडलेलं परत उचलणार नाही, असं मला दिसायला लागलं. आमच्या नात्यात एक अशी होती. तोतरी म्हणून चिडवायचे तिला, ती गप्प झाली ती म्हातारी होईतो गप्पच राहिली. लोक तिला शहाणी म्हणायचे. ती शहाणी नव्हती, मुकी केली होती तिला.

कणसांचे दिवस होते. छावणीच्या रस्त्याला वळणावर गाडी लागते, निखाऱ्यावर भाजून लिंबू-मीठ चोळून देतात. मी दोन घेतली, एक मला, एक तिला, आणि झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो. माझं अर्धं झालं तरी तिचं तसंच. ती नखानं एकेक दाणा उपटून तोंडात टाकत होती.

"दातानं खा की."

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"का? दुखतं?"

नाही.

"मग खा. माझ्यासारखं."

तिनं कणीस तोंडाला लावलं, पण समोरून नाही. डोकं वाकडं करून, गालाच्या बाजूनं, दाढांनी कुरतडलं, कुत्रा हाड चघळतो तसं. मी म्हटलं, समोरून. तिनं समोरून लावलं, जोर केला, आणि कणीस माझ्या हातात दिलं. दाण्यांवर नुसते ओरखडे होते. एकही दाणा तुटला नव्हता.

मी म्हटलं, "दाढा घट्ट मीट आणि ओठ उघड. दात दाव मला."

तिनं दाढा मिटल्या. मागचे दात मिटले, पुढचे उघडेच राहिले. वर आणि खाली दात छान होते, पांढरे, स्वच्छ, पण त्यांच्यामध्ये खिडकी. आणि त्या खिडकीत जिभेचं टोक येऊन बसलं होतं, मांजर बसतं तसं.

मी तिथेच कट्ट्यावर तिची परीक्षा घेतली. म्हटलं, "चांगला म्हण."

"त्सांगला." बरोबर.

"चमचा."

"त्समत्सा." बरोबर.

मग मी म्हटलं, "चिमणी म्हण."

"त्सिमणी."

"चंद्र."

"त्संद्र."

"चहा."

घरात आम्ही सगळे चाय म्हणतो, त्यामुळे हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. तिनं 'त्सहा' म्हटलं.

जिला मराठीचा च आला तिला दोन्ही यायला हवेत. हिला एकच येत होता, आणि तो वडिलांचा नव्हता, माझाही नव्हता. तो त्या खिडकीचा होता. जीभ टाळूकडे जायच्या ऐवजी दातांच्या फटीत जाऊन बसायची, आणि मी इतकी वर्षं त्याच्यावर हळदीकुंकू करत होते.

घरी येऊन मी सुनेला म्हटलं, "उद्या हिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं."

सून भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "काए अम्मा, आपकी मराठी को का हो गओ?"

मी ऐकून घेतलं. तिचा तेवढा हक्क होता.

डॉक्टर सदर बाजारात, एका दुकानाच्या वर. बाईच होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. आम्ही तिघी गेलो. त्यांनी पोरीला खुर्चीत आडवं केलं, आरशाची दांडी तोंडात फिरवली, दात मिटायला सांगितलं, पाणी गिळायला सांगितलं आणि गिळताना ओठ बोटांनी बाजूला करून पाहिलं. जीभ पुन्हा खिडकीत. त्यांनी मलाही वाकून बघायला लावलं.

म्हणाल्या, "अँगूठे ने जगह बनाई, अँगूठा चला गया, अब जीभ ने वो जगह पकड़ ली. दिन भर थूक निगलती है तो हर बार दाँतों को धक्का देती है. दाँत मिलें कैसे?"

मी विचारलं, "आपोआप नाही भरणार? मोठी झाली की?"

"अँगूठा चार-पाँच की उमर में छूट जाता तो शायद अपने-आप भर जाता. अब पक्के दाँत आ चुके हैं और जीभ को आदत पड़ गई है. पर देर नहीं हुई. आठ की है, जबड़ा अभी बढ़ रहा है. अभी जाली लगाकर जीभ को रोक देंगे तो थोड़े में काम हो जाएगा. बड़ी हो गई तो लंबे समय तार लगेंगे, और किसी-किसी को हड्डी का ऑपरेशन."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

मला मात्र त्या बाईंची परीक्षा घ्यावीशी वाटली. डॉक्टर लोक एकदा खुर्चीत बसवलं की सगळंच दुरुस्त करायला निघतात, हे मी ऐकलं होतं. म्हटलं, "हिचे सुळे अजून यायचेत, आणि वरच्या दोन दातांमध्ये फट आहे, तिचं काय करणार?"

"कुछ नहीं. सुळे उतरते हैं तो ये फाँक ज़्यादातर खुद बंद हो जाती है." सुळे हा शब्द त्यांनी मी म्हटल्यावर उचलला होता.

"खालचे दात जरा दाटीनं आलेत."

"देखते रहेंगे. अभी छेड़ने की ज़रूरत नहीं."

"मग तार कधी लावता तुम्ही?"

त्या हसल्या. म्हणाल्या, दात वाकडा आहे एवढ्यावर आम्ही काही करत नाही. खाता येतं का, चावता येतं का, घासून स्वच्छ होतात का, बोलता येतं का, दात दुसऱ्या दाताला किंवा हिरडीला लागून झिजवतो का, हे बघतो. एखाद्या मुलाचे खालचे दात वरच्यांच्या पुढे मिटत असतील, किंवा जबडा मिटताना एका बाजूला सरकत असेल, तर ते मात्र लहानपणीच दाखवायला हवं, वाढीच्या आत. सात-आठ वर्षांच्या प्रत्येक मुलाला एकदा दाखवावं. करायचं असेल तर वेळ मिळतो, नसेल तर परत जावं.

मला हे पटलं. स्वयंपाकातही मी तेच बघते. पोळी गोल आहे की नाही ते नंतर, आधी शिजली का.

मग त्यांना एक दुधाची दाढ किडलेली सापडली. म्हणाल्या, भरावी लागेल. मी म्हटलं, "पडणारच आहे ना ती? पडणाऱ्या दाढेत कशाला भरायचं?"

"गिरेगी दस-ग्यारह की होकर, अम्माजी. तब तक खाएगी किससे? और ये पहले निकल गई तो बगल वाली खिसक आएगी, फिर नीचे वाली पक्की दाढ़ कहाँ से निकलेगी?"

म्हणजे ती दाढ जागा धरून बसली होती, गाडीत रुमाल टाकतात तशी. भरा म्हटलं.

जाता जाता त्यांनी मलाही खुर्चीत बसवलं. मी नको म्हणत होते. माझा वरचा एक सुळा लहानपणापासून पुढे आहे, खालचे दात एकमेकांवर चढलेले आहेत. लग्नाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, मुलगी बरी आहे, तोंड मिटून असली की झालं. डॉक्टरांनी सगळीकडे आरसा फिरवला आणि विचारलं, "अपने ही हैं सारे?"

"नाहीतर कोणाचे असणार?"

"इस उमर में इतने दाँत मैं कम देखती हूँ. टेढ़े हैं, पर मिलते सब हैं. इनको कुछ नहीं करना. बस रात को भी ब्रश कीजिए."

हे मी घरी आल्यावर मुलाला सांगितलं, शेजारी सांगितलं, आणि जावेला फोन करून सांगितलं. तिला कवळी आहे.

पण खुर्चीतून उतरायच्या आधी मी त्यांना एक गोष्ट विचारली होती, आणि तीच मला खरी विचारायची होती. मी म्हटलं, "दात मिळाले की हिचा हा च जाणार का?"

त्यांना कळेना. मी दोन्ही च म्हणून दाखवले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, स्वतः म्हणून पाहिले, त्यांना चांगल्यातला नीट आला नाही. मग म्हणाल्या, "जाएगा, अम्माजी. अभी जीभ के पास एक ही जगह है, इसलिए एक ही आवाज़ है. जाली लगेगी तो ये आवाज़ जाएगी."

"आणि परत?"

"वापस तब आएगी जब कोई सिखाएगा."

पोरगी खुर्चीजवळ उभी राहून आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होती. मी म्हटलं, "लावा जाळी."

वरच्या दाढांना कड्या बसवून, त्यांतून एक तार पुढे आणून, पुढच्या दातांच्या मागे तिची छोटी जाळी केली. जीभ खिडकीकडे निघाली की जाळीला अडते. पहिले काही दिवस फार वाईट गेले. लाळ गळायची, जिभेला वळ उठले, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मऊ भात आणि वरण, दुसरं काही जाईना. सून तिच्यासाठी डाळ घोटून घोटून पातळ करायची. मुलगा एकदा म्हणाला, "निकलवा दें क्या?" त्यावर उत्तर पोरीनंच दिलं. बऱ्याच दिवसांनी ती पूर्ण वाक्य बोलली होती, आणि तेही जाळीतून, फुसफुसत:

"नहीं. जीभ को जेल हुई है. सज़ा पूरी करेगी."

त्या दिवशी मला कळलं की ही गप्प झाली होती, पण आत सगळी शाबूत होती.

जाऊ भेटायला आली. म्हणाली, "ऐकलं ते खरं? इतकी वर्षं च मिरवलात, आता तोच काढायला डॉक्टरकडे नेलीत?"

मी म्हटलं, "हो. खोटा होता. खोटा दागिना मी घालत नाही."

"मग आम्हाला दाखवलात तो?"

"तुलाही कळलं नाही ना खोटा आहे म्हणून? मग."

वर्षभर जाळी होती. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज करायचा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या थोडं मागे, टाळूच्या कडेला टेकवायचं, दाढा मिटायच्या, आणि मग घोट गिळायचा, ओठांची ओढाताण न करता. ती एकटी करायला कंटाळायची म्हणून मीही तिच्या बरोबर करत असे, दोघी पाण्याचे पेले घेऊन ओसरीवर. जिभेची जागा दाखवताना डॉक्टर बोटानं जे दाखवायच्या ते बघून मला पहिल्याच दिवशी वडील आठवले होते. तीच जागा. ते म्हणायचे, ती जागा आपली आहे. त्यांनी दातांचं पुस्तक कधी पाहिलं नव्हतं, त्यांना फक्त च पाहिजे होता.

हळूहळू खिडकी मिटत गेली. जाळी निघाली तेव्हा वरचे दात खालच्यांवर येऊन बसले होते, झाकण बसावं तसे. स सरळ झाला. सात सात झाला. शाळेतल्या बाईंनी सुनेला रस्त्यात गाठून सांगितलं की पोरगी पाढे म्हणताना आता सगळ्या वर्गाच्या वर आवाज काढते, जरा कमी बोलायला सांगा. सून मला ते सांगताना हसत होती. मी सांगितलं, मुळीच सांगू नकोस.

आणि च गेला. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसाच गेला. चाय चाय झाली, चाचा चाचा झाला, आणि चांगलासुद्धा चिमणीतल्या चनं यायला लागला, तिच्या बापाला येतो तसा, झाशीतल्या कोणाही पोराला येतो तसा. मला लागलं ते. पण मी कामाला लागले, कारण आता जीभ मोकळी होती आणि जागा होती.

तिला समोर बसवलं. ती म्हणाली, "आजी, क्यों? सब समझ तो जाते हैं."

मी म्हटलं, "पीठ पाण्यात कालवून प्यायलं तरी पोट भरतं. मग तुझी आई पोळ्या कशाला लाटते?"

तिनं विचार केला. म्हणाली, "अच्छा, बोलो."

चांगला म्हण. जीभ कुठे आहे? मागे गेली. डॉक्टरांची जागा आठव. पुढे आण, पण दातांच्या बाहेर नाही, बाहेर गेलीस तर परत जेल. चांगला. आता चिमणी म्हण, मागे जा. चिमणी. चमचा. चंद्र. चूल. चहा. आधी सगळे एकाच तऱ्हेनं, मग सगळे दुसऱ्या तऱ्हेनं, मग उलटे. चिमणी पुढे आली, चमचा मागे गेला. कित्येक दिवस ती रडकुंडीला यायची, मी सोडत नसे. मी गोड बोलून शिकवणारी नाही. सून मधेच म्हणायची, "बस करो अम्मा, मौड़ी थक गई." आणि मग चुलीपाशी तीच हळूच म्हणून बघायची, चांगला, चांगला. तिलाही जमायला लागला होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

या वर्षी पुन्हा कणसांची गाडी लागली. आम्ही त्याच कट्ट्यावर बसलो. तिनं कणीस समोरून लावलं आणि एका दमात रांगच्या रांग साफ केली. मला बोलायलासुद्धा फुरसत दिली नाही. मग माझं उरलेलं मागितलं.

संक्रांतीला जाऊ आली होती. सून तिळाच्या वड्या कापत होती, म्हणून चहा नातीनं केला. पहिल्यांदाच. ट्रे घेऊन आली, जावेपुढे कप ठेवला, आणि सरळ उभी राहून म्हणाली, "काकूआजी, चहा चांगला झालाय का?"

एक च मागे, एक पुढे. शेजारी शेजारी, आणि एकाचा धक्का दुसऱ्याला नाही. मी जावेकडे पाहिलं. तिनंही ऐकलं होतं. तिचे वडील माझ्या वडिलांसारखेच शब्द म्हणवून घ्यायचे, तिचा कान माझ्याइतकाच पक्का आहे. तिनं कप उचलला, एक घोट घेतला, पोरीकडे नीट बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "साखर कमी आहे."

साखर कमीच होती. ती दाढ भरल्यापासून सून आमच्या घरात साखर हातानं नाही, चिमटीनं घालायला शिकवते. पण जावेनं चबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.